सह्याद्रीच्या उतारावर काम काढताय? या चुका टाळा

महाबळेश्वर, आंबोली, ताम्हिणी या भागांत वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि सह्याद्रीच्याच कुशीतल्या कितीतरी वाड्या एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघत बसतात. पाऊस कमी पडतो असं नाही. पडलेलं पाणी डोंगरात कुठे मुरतं आणि कुठून बाहेर येतं हे न बघताच आपण बोअर मारतो, चर खणतो, रस्ता कापतो. खालच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. त्यातल्या बऱ्याच चुका भल्या मनाने होतात, म्हणूनच मन लावून लिहावंसं वाटलं.

झरा आटला की लगेच बोअर

एका वाडीत मी मे महिन्यात झऱ्यावर गेलो होतो. सत्तरीच्या एक आजी डबक्याच्या काठाशी बसून करवंटीने पाणी काढत होत्या. हंड्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं, आणि डबकं पुन्हा भरेपर्यंत मध्येच थांबायचं. अर्धा हंडा व्हायला पाऊण तास गेला. वरच्या अंगाला बोट दाखवून त्या म्हणाल्या, "तिकडं मशीन लागलं ना, त्या सालापासनं असंच हाय बघ." वर कुणीतरी नव्या बंगल्यासाठी बोअर घेतली होती.

सह्याद्री म्हणजे लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. त्यात कुठे सच्छिद्र, भेगाळलेला खडक असतो, कुठे घट्ट काळा पाषाण, तर कुठे पाणी अडवणारा लाल गेरूचा पट्टा. भेगांतून उतरणारं पाणी घट्ट थरावर अडतं, आडवं सरकतं आणि जिथे तो थर उघडा पडतो तिथे झरा म्हणून बाहेर येतं. वरून मारलेली बोअर त्या साठ्यापर्यंत पोचली, तर झऱ्याचंच पाणी ती ओढते. झऱ्याचं तोंड पहारीने किंवा सुरुंगाने मोठं करणं हीसुद्धा तशीच चूक. भेग फुटली की पाणी खालची दुसरी वाट धरतं, आणि मग ती वाट सापडत नाही.

मग करायचं काय? आधी मोजायचं. दहा लिटरची बादली झऱ्याखाली धरा आणि ती भरायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. महिन्यातून एकदा, वर्षभर. बादली एका मिनिटात भरत असेल, तर दिवसाला १४,४०० लिटर पाणी आलं. माणशी ५५ लिटर धरले तरी अडीचशेहून जास्त माणसांची सोय होते. अशा झऱ्याला साठवण टाकी आणि नळच पुरतो, बोअरची गरजच पडत नाही. धार खरोखर कमी होत असेल, तर पाणी मुरवायला चर खणा, पण नेमके कुठे ते थरांचा उतार बघून ठरवा. मुरण्याची जागा कित्येकदा डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, शेजारच्या गावाच्या हद्दीत निघते. सिक्कीमने २००८ पासून 'धारा विकास' या नावाने भूशास्त्राच्या आधारे हेच केलं, आणि त्या कामाला पुण्यातल्या भूजलतज्ज्ञांची मदत होती.

दिसेल तिथे चर, दिसेल तिथे जेसीबी

सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर, माळावर आणि मध्यम उतारावर फार चांगले. पण वाडीच्या थेट डोक्यावर, जिथे कातळावर नुसता मुरूम-मातीचा थर बसलेला आहे अशा तीव्र उतारावर चर खणले, तर पाणी त्या थराखाली जाऊन माती जड आणि निसरडी होते. तिथे पाणी जिरवायचं नसतं, बाजूच्या ओढ्यात सुखरूप काढून द्यायचं असतं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. त्यानंतर डोंगरउतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाची बरीच चर्चा झाली. पूर्वी पडकाई, म्हणजे उतारावर पायऱ्यांसारखी शेतं काढण्याचं काम, हाताने होई, थोडी थोडी, दगडाची ताल म्हणजे बांध रचून. यंत्र एका दिवसात अख्खा उतार मोकळा करतं.

घरासाठी डोंगराचा पायथा कापणं याहून वाईट. पायथा म्हणजे वरच्या मातीचा टेकूच. कापावाच लागला, तर टप्प्याटप्प्याने कापा आणि निघालेला राडारोडा ओढ्यात ढकलू नका. आधीच बांधलेल्या संरक्षक भिंतीला पोट आलं असेल, तर बाहेरून सिमेंट थापून काही होत नाही. बहुधा मागे पाणी तुंबलेलं असतं. भिंतीत पाणी निघायला पाईप आहेत का, ते मातीने बुजलेत का, हे पावसाआधी बघा आणि अभियंत्याला दाखवा.

सड्यावर झाडं

यावर मला कळकळीने सांगायचंय. सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघड्या कातळाचं पठार, ही पडीक जमीन नाही. जांभ्यावर जेमतेम वीतभर किंवा त्याहूनही कमी माती, आणि त्यात गेंद, सीतेची आसवं, कवळा अशी पावसाळ्यापुरती जगणारी झाडं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत कासचं पठार आहे ते याच गवत-फुलांसाठी. तिथे कातळ फोडून खड्डे केले आणि बाहेरची माती टाकून रोपं लावली, तर रोपं उन्हाळ्यात मरतात आणि सडाही जातो. झाडं लावायचीच असतील, तर ओढ्याकाठी, बांधावर, उघड्या पडलेल्या दरडीच्या कडेला लावा. ऐन, किंजळ, जांभूळ, उंबर. ऑस्ट्रेलियन बाभूळ झटपट हिरवं दिसतं, पण तिच्याखाली गवतही नीट येत नाही.

वणव्याबद्दल थोडक्यात: आग लागल्यावर धावण्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला मोकळा पट्टा, काढून ठेवा.

यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहणं

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. दरडप्रवण गावांच्या यादीत त्या वाडीचं नाव नव्हतं. म्हणून कागदापेक्षा डोंगराकडे बघा. जमिनीला नवी भेग, एकाएकी अडकायला लागलेली दारं, कललेले विजेचे खांब, स्वच्छ झऱ्याला अचानक आलेलं गढूळ पाणी, किंवा भर पावसात एकदम बंद झालेला झरा, ही सगळी लक्षणं आहेत.

भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका आणि खुंट्यांमधलं अंतर रोज सकाळी मोजा. पाणी आत जाऊ नये म्हणून भेगेवर प्लास्टिक अंथरा. तलाठी आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा, जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७ वर फोन करा. आणि पाऊस लागलेला असताना ते अंतर बोटभर जरी वाढलं, तर पंचनाम्याची वाट बघू नका. म्हाताऱ्या माणसांना आणि गुरांना उजेड असतानाच खाली हलवा आणि त्या रात्री कुणीही वाडीत झोपू नका.