पत्रकारितेत पगारी इंटर्नशिप हवी असेल तर या चुका टाळा

मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा जवळ आल्या की आमच्या डेस्कच्या, म्हणजे बातम्या तपासून पानावर लावणाऱ्या विभागाच्या, ईमेलवर इंटर्नशिपच्या अर्जांची रांग लागते. मराठी दैनिकांत आणि पोर्टलवर पैसे देऊन इंटर्न घेण्याच्या जागा मुळातच थोड्या. त्यातल्या बऱ्याच चांगल्या मुलामुलींच्या हातून निसटतात आणि कारणं दरवर्षी तीच असतात. जिल्हा आवृत्त्यांच्या डेस्कवर हे अर्ज वाचणं, चाचणीच्या कॉप्या (म्हणजे लिहिलेल्या बातम्यांचा मजकूर) तपासणं आणि निवडलेल्यांना कामाला लावणं हे बरीच वर्षं माझ्याकडे आहे. म्हणून आधीच सांगते, लेखनाच्या आवडीसाठी कुणी मानधन देत नाही. तुमची कॉपी दुसऱ्या कुणाला मुळापासून तपासत बसावी लागू नये, त्याचे ते पैसे असतात. खालच्या जवळपास सगळ्या चुका हे न कळल्यामुळे होतात.

अर्जात आवड असते, बातमी नसते

‘मला लहानपणापासून लेखनाची आवड आहे’ हे अर्जातलं पहिलं वाक्य. सोबत वक्तृत्व स्पर्धेची प्रमाणपत्रं, एनएसएसच्या शिबिराचे फोटो आणि ‘समाजमाध्यमे : शाप की वरदान’ छापाचा एक निबंध. उमेदवार अनोळखी माणसाशी बोलू शकतो का, ऐकलेली तारीख तपासून घेतो का, हे यातून कळत नाही. एकच मेल सगळ्या संपादकांना एकदम पाठवणारे असतात, आणि मजकुरात दुसऱ्याच दैनिकाचं नाव तसंच ठेवणारेही. असे अर्ज मी पुढे पाठवत नाही.

एक अर्ज मात्र मी नव्या मुलांना नेहमी सांगते. तालुक्याच्या गावातल्या एका मुलीचा. पत्र जेमतेम सहा ओळींचं, सोबत अडीचशे शब्दांची एक बातमी : ग्रामीण रुग्णालयात कुत्रा चावल्यावर द्यायची लस संपली आहे. लस कोणत्या तारखेपासून नाही, मागणीपत्र कधी गेलं, वैद्यकीय अधीक्षक काय म्हणाले, जिल्हा रुग्णालयात जायला एसटीचं तिकीट किती पडतं आणि त्या हेलपाट्यांत एका शेतमजूर बाईची मजुरी कशी बुडाली. खाली टीप होती : ‘जिल्ह्याच्या औषध भांडारात फोन केला, उचलला गेला नाही’, आणि पुढे तारीख व वेळ. ही बातमी कुठे छापून आलेली नव्हती, कुणी करायला सांगितलेलीही नव्हती. आम्ही तिला त्याच आठवड्यात बोलावलं.

नमुने तीनच पाठवा आणि त्यांतली किमान एक स्वतः फिरून केलेली बातमी असू द्या. नगरपालिकेची सर्वसाधारण सभा, बाजार समितीतला लिलाव, आगारातल्या रद्द झालेल्या फेऱ्या, असं काहीही चालेल. तुम्ही पत्रकारिता शिकवणाऱ्या पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून आलात की जिल्ह्याच्या कॉलेजातून, हे मी त्यानंतर बघते.

चाचणीची कॉपी एआयकडून करून घेणं

चाचणीत सहसा वृत्तसंस्थेची एक इंग्रजी बातमी मराठीत करायला देतात. घरी सोडवायला दिली की अर्ध्याहून जास्त जण ती चॅटजीपीटीत टाकून आलेलं तसंच पाठवतात. ते ओळखू येतं. वाक्यं गुळगुळीत असतात आणि चूक नेमकी महत्त्वाच्या जागी असते. न्यायालयीन कोठडीची पोलीस कोठडी झालेली असते. गुन्हा नुसता दाखल झालेला असताना आरोपपत्र दाखल झाल्याचं लिहिलेलं असतं. खटला उभाही राहिलेला नसताना आरोपीला दोषी ठरवलेलं असतं. रकमांची तर दैना. १ मिलियन म्हणजे १० लाख आणि १ बिलियन म्हणजे १०० कोटी, एवढं कागदावर लिहून टेबलाला चिकटवा. मी आजही प्रत्येक मोठी रक्कम आधी शून्यं मांडून बघते आणि मगच लिहिते.

ज्याला हे फरक पाठ आहेत त्याने यंत्राची मदत घेतली तर माझी हरकत नाही, कारण चूक त्याच्या डोळ्यांना दिसेल. शिकायच्या काळातच ती सवय लावून घेणाऱ्याला त्या चुका दिसणं कधी सुरूच होत नाही.

‘पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये होतं’

प्रेसनोटमध्ये आलं म्हणून जसंच्या तसं छापायचं, या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलते, आणि पुढेही बोलणार आहे.

मी पूर्वी ज्या दैनिकात होते तिथला प्रसंग. रात्रीची पाळी, जिल्ह्याचं पान छपाईला सुटायला थोडा वेळ उरलेला. तालुका वार्ताहराकडून व्हॉट्सॲपवर बातमी आली : अल्पवयीन मुलीवर अत्याचार, नातेवाइकाला अटक. डेस्कवरच्या इंटर्नने ती झटपट लावली. मुलगा हुशार, हात वेगवान, भाषा स्वच्छ. मुलीचं नाव त्याने काढलं होतं. पण गावाचं नाव होतं, ती कितवीत शिकते ते होतं, शाळेचं नाव होतं आणि आरोपीच्या पूर्ण नावापुढे ‘पीडितेचा सख्खा काका’ असं लिहिलेलं होतं. काका कोण हे समजल्यावर मुलगी कोण हे त्या गावात कुणाला शोधायला जायची गरज उरत नाही.

मुख्य उपसंपादकांनी छपाईआधीच्या प्रिंटवर ते पकडलं आणि पानावरची बातमी बदलली गेली. तेवढ्यात कळलं की हीच कॉपी वेबसाइटवर आधीच गेली आहे. ‘आधी टाकू, मग सुधारू’ हा तिथला रिवाज होता. वेबवरचा मजकूर लगेच दुरुस्त केला, पण लिंकच्या पत्त्यात गावाचं नाव तसंच राहिलं. तोपर्यंत त्या तालुक्यातल्या दोन-तीन ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरायला लागले होते. ते परत घेण्याची सोय नसते.

मुलाला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, पोलिसांच्या प्रेसनोटमध्येच होतं.” त्याला वाटत होतं की प्रेसनोटमध्ये आलं म्हणजे छापायला परवानगी मिळाली. तशी परवानगी मिळत नाही. पॉक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम २३ नुसार बालकाचं नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, राहण्याचा परिसर किंवा ओळख पटेल असा दुसरा कोणताही तपशील माध्यमांनी उघड करायचा नसतो. अपवाद करायचा अधिकार विशेष न्यायालयाला आहे, तोही बालकाच्या हिताचा असेल तरच. उल्लंघनाला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे, आणि कर्मचाऱ्याच्या चुकीसाठी प्रकाशक-मालकही जबाबदार धरला जातो. सज्ञान पीडितेच्या बाबतीत हेच बंधन १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. तिथे शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाते. पत्रकारितेच्या कुठल्याही अभ्यासक्रमात हे शिकवलं जातं. परीक्षेत उत्तर लिहिणारी मुलं पान सुटायच्या वेळी मात्र ते विसरतात.

माझी पद्धत अशी : नावं काढून झाली की ती बातमी त्या मुलीच्या शेजारणीच्या नजरेने पुन्हा वाचायची. शेजारणीला घर ओळखता आलं तर अजून काहीतरी काढायचं राहिलंय. आरोपी घरातला असेल तर त्याचंही नाव आणि नातं गाळायचं, गावाऐवजी फक्त तालुका किंवा जिल्हा ठेवायचा. फाइलचं नाव, फोटोची ओळ आणि लिंकचा पत्ता शेवटी वेगळा तपासायचा. बातमी चार ओळींची झाली तर होऊ द्या. त्या पाळीत घाई करून कुणाचा काय फायदा झाला, हे मला आजतागायत कुणी सांगू शकलेलं नाही.

‘मेसेज केला, रिप्लाय नाही आला’

बातमीत तहसीलदारांची बाजू का नाही, असं विचारलं की हे उत्तर मिळतं. फोन करा. उचलला नाही तर कार्यालयात जा. तिथे भेट झाली नाही तर आवक-जावक लिपिकाशी बोला, कोणती फाइल कुठे अडली आहे हे अनेकदा त्यालाच नेमकं माहीत असतं. प्रत्येक प्रयत्नाची वेळ वहीत टिपून ठेवा. अनोळखी माणसाला फोन करायची भीती वाटते हे मी समजू शकते. पण ती फोन करूनच जाते आणि त्यासाठी इंटर्नशिपपेक्षा चांगला काळ नाही.

टायपिंग आणि शुद्धलेखन ‘नंतर बघू’

इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांची कीबोर्ड-मांडणी, शिका. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवण्याची सवय असलेले सुरुवातीला वेगवान वाटतात, पण जोडाक्षरांशी झगडा कायम राहतो. बोलून टाइप केलेला मजकूर न वाचता पाठवू नका. काही ठिकाणी पानं अजून श्रीलिपी या टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये लागतात. तिथे युनिकोड (मोबाइल-संगणकावर सगळीकडे चालणारा) मजकूर कन्व्हर्टरमधून नेताना ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ आणि अवतरणचिन्हं फुटतात, ती ओळ न् ओळ बघावी लागतात. शुद्धलेखनाचे नियम अवघे १८ आहेत, १९६२ मधले १४ आणि १९७२ मध्ये वाढवलेले ४. बसून दोन दिवसांत वाचून होतात. त्याशिवाय प्रत्येक दैनिकाची स्वतःची शैली असते, ‘पोलीस’ की ‘पोलिस’, ‘केलं’ की ‘केले’. ती पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

पैशांचं तोंडी ठरवणं

आपल्याकडे पैशांबद्दल विचारणं उद्धटपणाचं वाटतं आणि पत्रकारितेत तर त्यागाची भाषा फार चालते. तिचा फायदा कोण घेतं ते मी पाहिलंय. मराठवाड्यातून पुण्यात आलेली एक मुलगी एका माध्यमसंस्थेत लागली. ‘मानधन मिळेल’ एवढंच तिला तोंडी सांगितलेलं. ती कॉट बेसिसवर राहत होती, मेसचे पैसे घरून येत होते. पहिला महिना ‘प्रोसेस सुरू आहे’मध्ये गेला, दुसराही. तिसऱ्या महिन्यात तिच्या वतीने मी ओळखीच्या वरिष्ठांकडे शब्द टाकला, त्यांनीही लेखा विभागात विचारलं. तिथून एकच प्रश्न आला : “लेखी काय आहे?” काहीच नव्हतं. तिच्या नावाच्या बातम्या छापून आल्या होत्या, पण तिला इंटर्न म्हणून घेतल्याचा एकही कागद नव्हता. पैसे मिळाले नाहीत आणि ती गावी परतली. चांगली बातमीदार झाली असती.

म्हणून रुजू होण्याआधी साधा मेल पाठवा : ‘आपल्या बोलण्यानुसार कालावधी इतका, दरमहा मानधन इतकं, महिन्याच्या अमुक तारखेला बँक खात्यात. प्रवासखर्च आणि रात्रपाळीनंतर घरी सोडण्याची सोय याबद्दल कृपया कळवावे.’ जी संस्था याला उत्तर देत नाही ती पैसेही देणार नाही असं समजून चाला. मानधन व्यावसायिक शुल्क म्हणून दाखवलं गेलं तर वर्षाची ठरावीक मर्यादा ओलांडल्यावर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला प्राप्तिकर) कापला जाऊ शकतो, आणि पॅन दिला नसेल तर २० टक्के. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ते पैसे परत मिळतात. विद्यार्थी ते भरतच नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात.

‘तुझे पैसे सरकार देईल’ असंही कधी सांगितलं जातं. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यात बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधर-पदव्युत्तरांना १०,००० रुपये दरमहा असं विद्यावेतन ठरलं. ते थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतं. पण शिक्षण चालू असलेल्यांना ती लागू नाही, आणि आस्थापनेची नोंदणी आधी झालेली असावी लागते. संबंधित पोर्टलवर संस्थेचं नाव दिसत नसेल तर त्या आश्वासनावर खोली भाड्याने घेऊ नका.

प्रमाणपत्र किंवा ‘प्रेस कार्ड’साठी तुमच्याकडूनच पैसे मागणाऱ्यांच्या दारात पाऊल ठेवू नका. वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणायला सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा. ज्या नगरसेवकाकडून आज जाहिरात आणाल त्याच्याविरुद्धची बातमी उद्या कोणत्या तोंडाने कराल? गाडीवर ‘प्रेस’ लावू नका. सरकारी अधिस्वीकृतीपत्रिका, म्हणजे सरकारमान्य पत्रकार असल्याचं ओळखपत्र, माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून, अनुभवाच्या अटी पूर्ण केल्यावर मिळते. इंटर्नचा तिच्याशी संबंध नाही.

आणखी काही

गावाच्या नावापुढे तालुका लिहा. वडगाव आणि पिंपळगाव राज्यात ढीगभर आहेत.

आडनाव ऐकून लिहू नका, त्या माणसाकडूनच वहीत लिहून घ्या.

माहिती अधिकाराचा अर्ज करायचा तर पहिल्याच आठवड्यात करा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, शेवटच्या महिन्यात केलेल्या अर्जाचं उत्तर तुम्ही गेल्यावर येतं. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो.

बायलाइनसाठी, म्हणजे बातमीवर स्वतःचं नाव यावं म्हणून, पहिल्या आठवड्यात रुसू नका. आठवड्याचे बाजारभाव, पाणीकपातीचं वेळापत्रक आणि निधनवार्ता बिनचूक करणाऱ्याकडेच पुढे मोठी बातमी येते. निधनवार्तेत मुलाचं नाव चुकलं की त्या घरातून येणारा फोन घ्यावा, मग कळतं तीन ओळींची किंमत काय असते.

आपल्या छापील बातम्यांचे पीडीएफ त्याच दिवशी जपून ठेवा. वेबसाइटची रचना बदलली की जुन्या लिंक मरतात.

आणि अनुभवपत्र शेवटच्या दिवशी मागू नका. मजकूर स्वतः तयार करून, तारखा आणि कोणत्या डेस्कवर काम केलं ते लिहून, दोन आठवडे आधी वृत्तसंपादकांकडे द्या. एचआरची सही निवांतच होते, आणि तुम्ही बाहेर पडल्यावर तिचा पाठपुरावा करायला तिथे तुमचं कुणी नसतं.