पुरोगामी उमेदवार महापालिकेला का पडतो? कोल्हापुरातील कार्यकर्त्यांनी या चुका टाळाव्यात

राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी ज्या संस्थानात ५० टक्के आरक्षणाचा आदेश काढला, त्या कोल्हापुरात समतेचा विचार नव्याने समजावून सांगावा लागत नाही. तरीही तो विचार मानणारा प्रामाणिक उमेदवार महापालिकेच्या निवडणुकीत अनेकदा आपल्या गल्लीबाहेर मते मिळवू शकत नाही. यामागे पैसा आणि गटातटाचे राजकारण आहेच. पण काही चुका आपल्या स्वतःच्या आहेत आणि त्या खर्चाशिवाय दुरुस्त होऊ शकतात.

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक मतदार यादीबाबत होते. महापालिकेसाठी स्वतंत्र मतदार नोंदणी होत नाही. राज्य निवडणूक आयोग ठरवून दिलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेतो आणि तीच प्रभागनिहाय विभागली जाते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ही तारीख धरली गेली. म्हणजे कोल्हापूर उत्तर किंवा दक्षिणच्या यादीत त्या दिवशी ज्याचे नाव नव्हते, त्याला नंतर कितीही धावपळ करून महापालिकेचे मतदान करता येणे शक्य नव्हते. प्रारूप प्रभाग यादीवर हरकत घेता येते. परंतु त्या टप्प्यावर नाव चुकीच्या प्रभागात गेले असल्यास, किंवा विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीतून सुटले असल्यासच दुरुस्ती होते. नव्या नावाची नोंदणी त्या वेळी होत नाही.

आम्ही एका प्रभागात डिसेंबरमध्ये वही घेऊन घरोघर फिरलो, तेव्हा एका संपूर्ण बोळातील कुटुंबांची नावे शेजारच्या प्रभागात गेल्याचे लक्षात आले. हरकतींची मुदत तोपर्यंत संपली होती. त्या बोळातील पूरग्रस्तांसाठी आमच्या कार्यकर्त्यांनी २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत रात्रंदिवस काम केले होते, आणि नेमक्या त्याच लोकांना आमच्या उमेदवारासमोरचे बटण दाबता येणार नव्हते. हे दुःख अजून गेलेले नाही. म्हणून निवडणूक नसलेल्या वर्षात, दर तीन महिन्यांनी, यादीचा एकेक भाग घेऊन घरांशी पडताळणी करावी. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चारही तारखांना अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्यांची नोंदणी आता होऊ शकते, त्यामुळे कॉलेजमधील मुलामुलींचे नमुना ६ (नव्या नावाचा अर्ज) आणि घर बदललेल्यांचे नमुना ८ (पत्ता बदलाचा अर्ज) बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, किंवा ऑनलाइन भरून देणे हे वर्षभर चालणारे काम आहे. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे बहुधा माहेरच्याच यादीत राहिलेली असतात. ती आधी पाहावीत.

दुसरी चूक प्रभागरचनेच्या आकलनाची. २०१५ मध्ये ८१ प्रभागांतून प्रत्येकी एक नगरसेवक निवडला गेला होता. २०२६ मध्ये जागा तितक्याच राहिल्या, पण प्रभाग २० झाले आणि बहुतेक ठिकाणी मतदाराला चार मते द्यावी लागली. मतदान केंद्रावर चारही जागांसाठी बटण दाबल्याखेरीज, मग ते 'वरीलपैकी कोणीही नाही' याचे का असेना, मतदान पूर्ण होत नाही. अशा रचनेत एकट्याने उभे राहणारा उमेदवार इतर तीन मते कोणाला द्यावीत याचे उत्तर मतदाराला देऊ शकत नाही, आणि मतदार मग पूर्ण पॅनेलकडे वळतो. डाव्या, आंबेडकरी, शेतकरी आणि पर्यावरणवादी गटांनी अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री नव्हे, तर आरक्षणाची सोडत निघताच एकत्र बसून प्रभागातील अ, ब, क, ड या जागा वाटून घेतल्या पाहिजेत. महिलांसाठी निम्म्या जागा राखीव असतात. कार्यकर्ती म्हणून वर्षानुवर्षे राबलेल्या भगिनीऐवजी ऐनवेळी कोणाची तरी पत्नी उभी करणे पुरोगामी म्हणवणाऱ्यांना शोभत नाही, आणि लोकांना ते चटकन दिसते.

भाषणाबद्दल थोडे स्पष्ट बोलावे लागेल. बिंदू चौकातील सभेत महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यांच्या साक्षीने बोलताना ऊर भरून येतो, हा माझाही अनुभव आहे. पण समोरची गर्दी बहुधा आपलीच असते. टोलविरोधी आंदोलनात ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यामागे शहर उभे राहिले, कारण मुद्दा प्रत्येकाच्या खिशाचा होता आणि कागदपत्रांसह मांडला गेला होता. तेच शिस्तीने प्रभागात करावे. पंचगंगेत मिसळणारा नाला, दिवसाआड येणारे पाणी, सुतारवाड्यासारख्या भागातील पूरग्रस्तांचे पंचनामे, झोपडपट्टीतील घरांच्या प्रॉपर्टी कार्डाचा प्रश्न, यांपैकी एक प्रश्न धरून माहिती अधिकारात फाइल मागवावी आणि तिची प्रत घराघरांत दाखवावी. समतेचा विचार त्यातूनच लोकांपर्यंत जातो.

तालमीच्या अध्यक्षांनी शब्द दिला म्हणजे मंगळवार पेठेची मते आली, असे समजणे ही आणखी एक जुनी चूक. तालीम मंडळांचा मान राखावाच, पण त्यांच्या बैठकीत घरातील महिला आणि भाडेकरू नसतात.

कागदपत्रांत हलगर्जीपणा करू नये. थकीत घरफाळा, १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यांबाबतची (दोनपेक्षा जास्त अपत्ये नसण्याची) अट, राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र, यांचा तपास अर्जाच्या किमान दोन महिने आधी व्हावा. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब सादर केला नाही तर पुढील निवडणुकीसाठी अपात्र ठरण्याची वेळ येते. पराभूत उमेदवार हे हमखास विसरतात. आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी संपर्क कार्यालयाला कुलूप लावू नये. ज्या केंद्रावर केवळ चाळीस मते मिळाली, तेथील यादी घेऊन त्याच आठवड्यात पुन्हा दारे ठोठवावीत आणि मत न देणाऱ्यांना कारण विचारून ते वहीत लिहून ठेवावे.