स्वस्त हत्यारं घ्यायची तर कोणती आणि कशी तपासून

महाराष्ट्रातल्या साध्या गॅरेजमध्ये मेकॅनिकच्या हातात बहुधा टपारियाचा पाना असतो. ही कंपनी नाशिकच्या सातपूरची. नावाजलेल्या जर्मन कंपनीच्या दोन-तीन पान्यांच्या पैशांत हिचा अख्खा सेट येतो, आणि त्या सेटवर लोकांनी वर्षानुवर्षं पोट भरलं आहे. त्यामुळे ‘बजेट ब्रँड’ आणि ‘प्रोफेशनल ब्रँड’ ही वाटणी आपल्याकडे फारशी कामाची नाही. अमुक एक हत्यार स्वस्तात चांगलं मिळतं की नाही, एवढंच बघायचं.

महागड्या हत्याराचे पैसे नेमके कशाचे, हे आधी समजून घ्या. अमेरिकेतली स्नॅप-ऑन (स्थापना १९२०, मुख्यालय विस्कॉन्सिनमधलं केनोशा) आपली हत्यारं व्हॅनमधून गॅरेजच्या दारात नेऊन विकते. मेकॅनिक हप्त्यावर घेतो, काही मोडलं तर व्हॅनवाल्याकडूनच बदलून घेतो. या सोयीची किंमत प्रत्येक पान्यात धरलेली असते. १९७७ साली सुरू झालेल्या तिथल्याच हार्बर फ्रेट कंपनीने व्हॅन आणि हप्ते बाजूला ठेवून स्वतःच्या दुकानांतून माल विकला. तिच्या यूएस जनरल नावाच्या कप्प्यांच्या ट्रॉल्या आज तिथल्या व्यावसायिक गॅरेजमध्येही दिसतात. डेट्रॉइट-ह्यूस्टनकडच्या मराठी मंडळींनी ट्रॉली तिथूनच घ्यावी, असं मी बिनदिक्कत सांगेन. पानेही बरेचसे चालतील. सगळंच चालेल असं मात्र नाही, ते पुढे येतंच.

१. आधी यादी करा, दुकान नंतर

कागदावर कामं लिहा: नळाचा वायसर बदलणं, स्कूटरची सर्व्हिसिंग, कपाटाची बिजागरी, गाडीचं चाक. प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी नोंदवा. ते वर्षातून किती वेळा करणार? आणि ऐन वेळी हत्याराने दगा दिला तर नुकसान किती? भिंतीत खिळा ठोकताना हातोडी घसरली तर अंगठा सुजेल. इंजिनाच्या ब्लॉकमधल्या बोल्टचं डोकं घासलं तर तो काढायला टर्नरकडे जावं लागेल.

ही यादी नसली की माणूस १०८ नगांची चकचकीत पेटी उचलतो. त्यातले निम्मे नग म्हणजे स्क्रू ड्रायव्हरची छोटी टोकं, आणि लागणारा पाना नेमका नसतो. आपल्या स्कूटर-मोटरसायकलींना मुख्यतः ८, १०, १२, १४ आणि १७ नंबरचे (म्हणजे तितक्या मिलीमीटरचे) पाने लागतात. तेवढे सुटे घेतले तर त्याच पैशांत एक पायरी वरचा माल येतो.

२. खिशात दोन बोल्ट घेऊन जा

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला गेलात तर माल हाताळून बघता येतो. घरबसल्या मागवण्यापेक्षा हे केव्हाही बरं. जाताना दहा आणि चौदा नंबरचा एकेक नवा बोल्ट सोबत ठेवा.

पाना बोल्टवर चढवा आणि दोन्ही बाजूंना हलवा. किंचित हालचाल चालेल, पण खडखड वाजला तर तो परत ठेवा. सैल पाना बोल्टच्या सपाट बाजूवर न बसता कोपऱ्यावर जोर देतो आणि डोकं गोल करून टाकतो. गोटी (नटावर वरून बसणारा सॉकेट) घेताना आतून बघा. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी हवी, भोक मधोमध हवं. बारा कोनांच्या गोटीपेक्षा सहा कोनांची घ्या, गंजलेल्या नटावर ती कमी घसरते.

‘क्रोम व्हॅनेडियम’ असा शिक्का बघून भुलू नका. शिक्का कोणीही मारू शकतो. शिवाय पोलाद तेच असलं तरी त्याला पाणी कसं दिलं, म्हणजे तापवून-थंड करून कडक कसं केलं, यावर सगळं ठरतं. कमी पाणी दिलं तर पान्याचं तोंड पसरतं, जास्त कडक झालं तर टचकन तुटतं. दुकानदार ओळखीचा असेल तर त्याच्या परवानगीने आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी कानस हलकेच चालवा. कानस सहज खाऊ लागली तर पोलाद मऊ आहे.

पक्कड मिटून उजेडासमोर धरा. कापायच्या धारेच्या फटीतून उजेड दिसता कामा नये. मग त्या धारेने साधा कागद कापून बघा. दोन्ही दांडे हातात धरून आडवे पिळा, सांधा लटपटत असेल तर आणखी सहा महिन्यांत ती पक्कड तारही नीट तोडणार नाही. रॅचेट म्हणजे गोटी फिरवायची, एकाच दिशेने पकडणारी दांडी; ती घेताना आत दाते किती ते विचारा. २४ दात्यांच्या रॅचेटला पुढचा दाता पकडायला १५ अंश फिरायला लागतं, ७२ दात्यांच्या रॅचेटला ५ अंश पुरतात. अडचणीच्या जागी हा फरक हाताला लगेच कळतो, आणि बारीक दात्यांची रॅचेट आता मध्यम किमतीतही मिळते.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. जपानी बनावटीच्या गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू साध्या फिलिप्स टोकाला नीट बसत नाहीत. त्यांचा जपानी मानकाचा खाचा वेगळा असतो, आणि अशा पुष्कळ स्क्रूंवर ओळखीसाठी बारीक ठिपका असतो. तिथे महागडा जर्मन फिलिप्स ड्रायव्हरही घसरतो आणि स्क्रूचं डोकं खातो. जपानी मानकाचा स्वस्त ड्रायव्हर मात्र घट्ट बसतो.

३. इथे काटकसर नको

पहिली गोष्ट, ज्याच्यावर गाडीचं वजन आणि खाली तुमचं शरीर असतं ते सगळं. २०२० मध्ये हार्बर फ्रेटला पिट्सबर्ग नावाचे ३ आणि ६ टनी जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवून ठेवायचे आधार) परत मागवावे लागले. कारखान्यातले साचे झिजले होते, त्यामुळे अडकण दात्यात पुरेशी बसत नव्हती आणि गाडी अचानक खाली यायचा धोका होता. बदली दिलेल्या स्टँडपैकी काहींच्या वेल्डिंगमध्येही दोष निघाला आणि तेही मागवले गेले. ज्या कंपनीच्या ट्रॉलीची मी वर शिफारस केली, तीच ही कंपनी. ब्रँडवर सरसकट विश्वास किंवा अविश्वास ठेवू नये तो यासाठीच. स्टँड कुठलाही असो, निव्वळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

दुसरी, विजेच्या कामाची हत्यारं. मुठीवर रंगीत प्लास्टिक चढवलं म्हणजे इन्सुलेशन झालं असं नाही. हत्यारावर १००० व्होल्टची खूण आणि आयईसी ६०९०० हा मानक क्रमांक हवा. घरगुती कामात एमसीबी पाडून, टेस्टरने खात्री करूनच हात घाला. हातातली पक्कड कितीही भारी असली तरी हे टाळू नका.

तिसरी, मोजमाप करणारी हत्यारं. टॉर्क रेंचची (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याची) अचूकता साधारण ±४ टक्क्यांच्या आत असावी आणि सोबत तपासणीचा दाखला मिळावा. क्लिक वाजणारा रेंच काम झाल्यावर सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा. आणि क्रोमची चमकदार गोटी इम्पॅक्ट गनला (ठोके देत नट फिरवणाऱ्या यंत्राला) लावू नका, ती फुटून तुकडे उडू शकतात. गनसाठी काळ्या, जाड भिंतीच्या गोट्या वेगळ्या येतात.

४. पेटी आणि ट्रॉली

इथे स्वस्त माल खरोखर बरोबरी करतो. पेटीला धार नसते, दाते नसतात, पाणी द्यायचं नसतं. पत्रा, चॅनल, चाकं आणि रंग एवढ्यावर भागतं, आणि हे चारही तुम्ही स्वतः तपासू शकता.

पत्र्याचा गेज विचारा. आकडा जितका लहान तितका पत्रा जाड: १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलीमीटर, २२ गेज म्हणजे ०.७. हातात न्यायच्या पेटीला २२ चालेल, ट्रॉलीचा सांगाडा १८ चा असावा. कप्पे बेअरिंगच्या टेलिस्कोपिक चॅनलवर हवेत, आपले सुतार किचन ट्रॉलीला लावतात तेच. जोडीला ३५ ते ४५ किलो वजन पेलेल असा चॅनल पुरे. कप्पा पूर्ण बाहेर ओढून त्याच्या टोकावर हाताने दाब द्या. तो खाली झुकला किंवा कडेला घासला तर दुसरी ट्रॉली बघा. चाकं निदान ५ इंची घ्या. उंबरठ्यावर आणि शहाबादी फरशीच्या सांध्यांवर छोटी चाकं अडकतात.

घरी जागा कमी असेल तर ट्रॉलीच्या भानगडीत पडूच नका. पाच ट्रेची उघडणारी लोखंडी पेटी आणि भिंतीवर एक प्लायवुडची फळी, यात घरगुती संसार मावतो. चांगल्या फॅब्रिकेटरकडून हवी तशी ट्रॉली करून घेणं हाही आपल्याकडे खुला असलेला मार्ग आहे. रंग पावडर कोटिंगचा सांगा.

जड सामान तळच्या कप्प्यात ठेवा आणि एका वेळी एकच कप्पा उघडा. वरचे दोन-तीन भरलेले कप्पे एकदम ओढले तर भारी ट्रॉलीसुद्धा अंगावर येते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याआधी पाने तेलाच्या फडक्याने पुसून ठेवा, कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. पॉलिश कितीही चांगलं असलं तरी जुलैची दमट हवा त्याला पुरून उरते.

५. बिल घ्या

चालणाऱ्या भारतीय ब्रँडचा बनावट माल बाजारात भरपूर आहे. नाव पोलादात उठावदार किंवा कोरलेलं आहे की नुसतं छापलं आहे, अक्षरं सरळ आहेत का, ते बघा. ओळखीच्या किमतीपेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर संशय घ्या. वॉरंटी विचारताना ‘आजीवन’ या शब्दावर थांबू नका. मोडलेला नग कुठे द्यायचा, टपालखर्च कोणाचा, बदली किती दिवसांत, हे विचारा. स्वस्त ब्रँडची बदली गल्लीतल्या दुकानात मिळत असेल आणि परदेशी ब्रँडची दिल्लीहून यायची असेल, तर रोजंदारीवरच्या माणसाला पहिलाच सोयीचा.

६. आधी वापरा, मग वाढवा

‘आधी स्वस्त घ्या, जे मोडेल ते भारी घ्या’ असा सल्ला बरेच लोक देतात. वर ‘इथे काटकसर नको’ या भागात सांगितलेली हत्यारं वगळली तर तो मला मान्य आहे. नवा सेट आणल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत प्रत्येक पाना एकदा तरी खऱ्या, घट्ट नटावर चालवून बघा. तोंड पसरलं, रॅचेट सटकली, तर बिलासकट परत द्या. वर्षभराने पेटी उघडून बघितली की काही पाने झिजलेले आणि काही कोरे दिसतात. झिजलेल्या नंबरांपुरतेच चांगल्या कंपनीचे सुटे पाने आणा. स्कूटरवाल्यांच्या घरी ते बहुतेक दहा, बारा आणि चौदा असतात.