पिवळाधमक बेडूक: क्रोशाचं पहिलं खेळणं

क्रोशाने पहिलंच खेळणं करायचं असेल तर बेडूक करा. टेडी, बाहुली, जिराफ हे सगळं नंतर. बेडकाला मान नाही, लांब हातपाय विणावे लागत नाहीत, त्याचं अख्खं अंग म्हणजे एक गोळा. वर दोन डोळे आणि रुंद तोंड आलं की तो हसायला लागतो. शिकणाऱ्याला तीन-चार तासांत हसरं काहीतरी हातात मिळणं फार महत्त्वाचं आहे. पहिल्या आठवड्यात अर्धवट राहिलेलं खेळणं बहुतेक वेळा कपाटातच राहतं.

आणि बेडूक हिरवाच हवा असं नाही. ठाणे जिल्ह्यातल्या भातखाचरांत पावसाच्या सुरुवातीला डरावणारे मोठे बेडूक तुम्ही पाहिले असतील. इंडियन बुलफ्रॉग म्हणतात तेच हे. एरवी हिरवट-तपकिरी दिसणारा त्यातला नर विणीच्या हंगामात लिंबासारखा पिवळा होतो आणि त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या होऊन फुगतात. आपण तोच करणार आहोत: पिवळं अंग, निळे फुगीर गाल. रंग सुंदर आहेच, पण पिवळ्याचा खरा फायदा वेगळा आहे. फिक्या लोकरीत टाका स्पष्ट दिसतो. काळ्या, गडद निळ्या किंवा केसाळ लोकरीत सुई कुठे घालायची तेच नवख्याला कळत नाही, आणि तो उगाच स्वतःच्या हाताला दोष देतो.

सामान

पिवळी 4 प्लायची ॲक्रिलिक लोकर (एका बेडकाला 25 ग्रॅम पुष्कळ झाली), थोडी निळी, थोडी काळी किंवा लाल. 3 मिमीची क्रोशाची सुई. लोकर शिवायची मोठ्या नाकाची बोथट सुई, कात्री, भरायला फायबरचा कापूस. हवे असल्यास 6 मिमीचे प्लास्टिकचे काळे डोळे.

ठाण्यात असाल तर जांभळी नाक्याच्या बाजारात चक्कर मारा. लेस-बटणांच्या दुकानांत लोकर आणि सुया मिळतात. फायबरचा कापूस उशा-गाद्या करणाऱ्यांकडे सुटा मिळतो, बरेचजण त्याला रेक्रॉन म्हणूनच मागतात. साधा कापूस घेऊ नका. धुतल्यावर त्याच्या गाठी होतात आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत तो आतून लवकर सुकत नाही.

घरात आईची किंवा आजीची क्रोशाची सुई असेल तर आधी तिची जाडी बघा. रुखवतातले रुमाल आणि दारावरची तोरणं ज्या बारीक स्टीलच्या सुईने विणली जायची, ती दोऱ्यासाठी असते. लोकर तिच्या आकड्यात मावतच नाही. उलट लोकरीच्या लेबलवर 4 मिमीची सुई सुचवली असली तरी खेळण्यासाठी 3 चीच घ्या. शाल सैल विणलेली चालते. खेळण्याची वीण घट्टच लागते, नाहीतर टाक्यांच्या फटींतून आतला कापूस डोकावतो.

एकच टाका

या खेळण्याला एकच टाका लागतो: मुका खांब. व्हिडिओंमध्ये त्याला सिंगल क्रोशे म्हणतात. ब्रिटिश पद्धतीच्या नमुन्यांत मात्र याच टाक्याचं नाव डबल क्रोशे आहे, त्यामुळे परदेशी नमुना उघडलात तर तो अमेरिकन आहे की ब्रिटिश ते आधी पाहून घ्या.

सुई टाक्यात घाला, लोकर सुईच्या आकड्यात घेऊन बाहेर ओढा. सुईवर दोन लूप दिसतील. पुन्हा लोकर आकड्यात घ्या आणि दोन्ही लुपांतून एकदम ओढून काढा. झाला मुका खांब. डावखुऱ्यांनी हेच सगळं आरशात पाहिल्यासारखं उलट्या दिशेने करायचं, बाकी काही बदलत नाही.

गोळा करण्याआधी पंधरा-वीस साखळ्यांची (साखळी म्हणजे सुईवरच्या लूपमधून लोकर नुसती ओढून काढणं) एक पट्टी घालून त्यावर चार-पाच ओळी मुके खांब विणून बघा. हे कंटाळवाणं वाटेल, पण ही पट्टी टाळू नका. या पट्टीवर डोळ्यांना टाका ओळखायची सवय होते. वरच्या काठाकडे पाहा: प्रत्येक टाक्याच्या डोक्यावर आडव्या व्हीच्या दोन बाजू दिसतात. सुई या दोन्ही बाजूंच्या खालून घालायची. एक व्ही म्हणजे एक टाका. ज्याला व्ही मोजता आली त्याला सगळं अमिगुरुमी, म्हणजे क्रोशाने खेळणी विणायची जपानी कला, जमलं, मग नमुना कुठल्याही देशातला असो. सुईवर असलेला चालू लूप मात्र मोजायचा नाही.

अंग

सुरुवात मॅजिक रिंगने होते. बोटाभोवती लोकरीचा एक सैल वेढा घ्या, सुटं टोक हाताशी राहू द्या, वेढ्यातून एक लूप काढून एक साखळी घाला आणि त्याच वेढ्यात सहा मुके खांब विणा. मग सुटं टोक ओढलं की मधलं भोक बंद होतं. हे हाताला बसायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी नाही जमलं तर दोन साखळ्या घाला आणि अगदी पहिल्या साखळीत सहा मुके खांब घाला. मधे बारीक भोक राहील, आपल्या बेडकाच्या डोक्यावर ते फारसं कळणारही नाही.

इथून पुढे गोल गोल, न थांबता विणायचं. फेरा पूर्ण झाला म्हणून जोडायचं नाही, पालटायचं नाही. म्हणूनच प्रत्येक फेऱ्याच्या पहिल्या टाक्यात दुसऱ्या रंगाच्या लोकरीचा तुकडा अडकवून ठेवा आणि फेरागणिक तो वर सरकवा. खाली ‘वाढ’ म्हणजे एकाच टाक्यात दोन मुके खांब, ‘घट’ म्हणजे दोन टाक्यांचा मिळून एक.

फेरा 1: मॅजिक रिंगमध्ये 6 टाके.
फेरा 2: प्रत्येक टाक्यात वाढ. एकूण 12.
फेरा 3: 1 साधा, 1 वाढ, असं सहा वेळा. 18.
फेरा 4: 2 साधे, 1 वाढ, सहा वेळा. 24.
फेरा 5: 3 साधे, 1 वाढ, सहा वेळा. 30.
फेरा 6 ते 11: प्रत्येक टाक्यात एक. 30.
फेरा 12: 3 साधे, 1 घट, सहा वेळा. 24.
फेरा 13: 2 साधे, 1 घट, सहा वेळा. 18.
इथे थांबा आणि कापूस भरा.
फेरा 14: 1 साधा, 1 घट, सहा वेळा. 12.
उरलेला कापूस भरा.
फेरा 15: सहा घटी. 6.

सगळे मिळून 330 टाके. गोळा साधारण 5 सेंटिमीटरचा होतो, मोसंबीपेक्षा थोडा लहान.

वाढीचे आणि घटीचे फेरे घरी, शांत बसून विणा. फेरा 6 ते 11 मात्र डोळे मिटून होतील असे आहेत. ते खुशाल ठाणे-वाशी लोकलमध्ये काढा, बसायला जागा मिळाली तर.

प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी टाके मोजा. याला पर्याय नाही. माझी भाची हा बेडूक शिकत होती तेव्हा पाचव्या फेऱ्याअखेर तिचे 29 भरले.
“मावशी, एक टाका गेला कुठे?”
“गेला नाही गं, एक वाढ राहिलीय. वेढ्याभोवती बोट फिरव, जिथे एका भोकातून दोन टाके निघालेत ती जागा मोज.”
तिला पाचच जागा सापडल्या. पुढच्या फेऱ्यात तिने कुठेतरी एक वाढ घातली आणि हिशेब जुळला. एका टाक्याचा फरक असाच भरून काढावा, तो कोणालाही दिसत नाही. दोन किंवा अधिक टाके चुकले असतील तर तो फेरा उसवा. क्रोशाचं हे मोठं सुख आहे, सुईवर एकच लूप असतो, त्यामुळे उसवताना बाकीचे टाके निसटायची भीती नाही.

तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यापर्यंत तुकडा वाटीसारखा वळायला लागेल, तेव्हा त्याची सुलट बाजू बाहेर आहे ना ते बघा. सुलट बाजूवर उभ्या व्हीच्या रांगा दिसतात, उलट बाजूवर व्हीसोबत छोट्या आडव्या दांड्याही. नवखे बरेचदा उलट बाजू बाहेर ठेवून विणत राहतात. तसं झालं असेल तर आतली बाजू बाहेर येईल अशी वाटी उलटवून घ्या आणि विणताना सुई नेहमी बाहेरून आत जाऊ द्या.

घटीबद्दल थोडं सविस्तर, कारण खेळणं नीटनेटकं दिसतं की ओबडधोबड ते इथे ठरतं. दोन टाक्यांत पूर्ण सुई घालून घट केली की तिथे जाड गाठ येते आणि शेजारी भोक पडतं. त्याऐवजी पहिल्या टाक्याच्या व्हीची फक्त तुमच्याकडची, पुढची बाजू सुईवर घ्या, लगेच दुसऱ्या टाक्याचीही पुढचीच बाजू घ्या. सुईवर आता तीन लूप आहेत. लोकर आकड्यात घेऊन पहिल्या दोन लुपांतून ओढा, मग नेहमीसारखा टाका पूर्ण करा. ही घट बाकीच्या टाक्यांत मिसळून जाते, शोधली तरी सापडत नाही.

भरणं आणि बंद करणं

कापूस एकदम कोंबू नका. बोटांनी पिंजून लहान लहान पुंजके करा आणि आधी कडेकडेने भरा, मग मध्ये. गोळा दाबल्यावर लगेच वर आला पाहिजे, पण टाके ताणून फाकले नाही पाहिजेत. बूड जड व्हावं म्हणून आत तांदूळ किंवा डाळ घालायचा सल्ला कोणी देईल. ऐकू नका, पहिल्याच पावसाळ्यात त्याला किडे लागतील.

शेवटचे सहा टाके उरले की लोकर वीतभर राखून कापा. बोथट सुईत ओवून सहाही टाक्यांच्या पुढच्या बाजूंतून फिरवा आणि ओढा, भोक मिटेल. आता तीच सुई तळातून घालून डोक्यातून बाहेर काढा आणि हलकेच ओढा. तळाला खळगा पडतो आणि बेडूक लोळायचा थांबून नीट बसतो. दोरा एका टाक्यात अडकवा आणि टोक आत खेचून लपवा.

डोळे, गाल, तोंड

डोळ्याचे उंचवटे दोन करायचे. मॅजिक रिंगमध्ये 6 टाके, मग 1 साधा, 1 वाढ असं तीन वेळा म्हणजे 9, मग एक साधा फेरा 9 चा. शिवायला लांब दोरा सोडा. प्लास्टिकचे डोळे लावणार असाल तर ते शिवण्याआधीच पहिल्या आणि दुसऱ्या फेऱ्याच्या मधे घालून मागून चकती घट्ट दाबा. एकदा बसलेली चकती निघत नाही, म्हणून आधी नुसता डोळा खोचून चेहरा पाहून घ्या.

तीन वर्षांखालच्या बाळासाठी खेळणं असेल तर प्लास्टिकचे डोळे अजिबात नकोत. मूल ते चावून ओढतं आणि निघालेला डोळा घशात अडकू शकतो. त्याऐवजी काळ्या लोकरीचे चार-पाच टाके एकाच जागी घालून डोळा भरा. मला तर असेच डोळे जास्त बोलके वाटतात.

उंचवट्यांत चिमूटभर कापूस भरून ते डोक्यावर टाचणीने बसवा: मॅजिक रिंगच्या दोन बाजूंना, दुसऱ्या ते पाचव्या फेऱ्यावर, किंचित पुढच्या अंगाला. लांबून बघा, हवं तर सरकवा, मगच शिवा. दोन डोळ्यांतलं अंतर वाढवलं की बेडूक भाबडा दिसतो, कमी केलं की रागीट.

तोंड आठव्या आणि नवव्या फेऱ्याच्या मधे, सात-आठ टाक्यांएवढं रुंद. एकच लांब टाका घाला आणि मध्यभागी छोट्या टाक्याने खाली बांधून घ्या, हसू तयार. निळ्या लोकरीने मॅजिक रिंगमध्ये 6 टाक्यांच्या दोन चकत्या करा, तोंडाच्या दोन्ही टोकांखाली शिवा आणि पूर्ण बंद करण्याआधी मागे थोडा कापूस सरकवा म्हणजे गाल फुगतील. पाय हवे असतील तर तशाच पिवळ्या चकत्या तळाशी पुढे शिवा. नसले तरी चालतात.

खेळणं मळलं तर साबणाच्या पाण्यात हाताने धुवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि पंख्याखाली ठेवा. पिळू नका. ॲक्रिलिकला इस्त्री लावू नका, उष्णतेने ते वितळतं. मुलांना वाटायला हौसेने करणं वेगळं, पण विकायचा विचार असेल तर आधी नियम बघा. 1 जानेवारी 2021 पासून भारतात खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं आहे, सरकारकडे नोंदणी झालेल्या हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे.

बेडूक झाला की हाच गोळा पांढऱ्या लोकरीत घाला. डोळ्यांचे उंचवटे सोडून द्या, त्याऐवजी 6 टाक्यांच्या मॅजिक रिंगवर आठ-नऊ साधे फेरे विणून दोन नळ्या करा, त्या न भरता चपट्या दाबून डोक्यावर शिवा आणि नाकाच्या जागी गुलाबी लोकरीचे दोन टाके घाला. झाला ससा.