सोलापुरात बसून फ्रेंच-कॅनेडियन मोच्याची वंशावळ कशी शोधावी

माझ्या भाचीचे सासर माँट्रियलचे आहे. फ्रेंच वसाहतीच्या काळात घराण्यातील कोणी एक पूर्वज क्युबेक शहरात जोडे शिवत असे, एवढेच तिच्या सासूबाईंच्या कानावर होते, आणि त्याचा माग काढण्याचे काम मी सोलापुरातील घरी बसून अंगावर घेतले. ज्यांच्या लेकीबाळी तिकडे नांदत आहेत, त्यांना या शोधाची रीत उपयोगी पडेल.

आपल्या भागात हेळवी दारात येऊन मूळ पुरुषापासून खाली पिढ्या वाचत येतो. येथे मात्र आजच्या पिढीपासून एकेक विवाह धरत मागे जावे लागते. क्युबेकमधील कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या १६२१ पासूनच्या आहेत आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खाते उघडल्यास त्यांची छायाचित्रे विनामूल्य पाहता येतात. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या तीन नोंदींपैकी विवाहाची नोंद सर्वांत मोलाची, कारण तीत बहुधा वधूवर दोघांच्याही आईवडिलांची नावे असतात, आणि वर फ्रान्सहून आलेला असेल तर त्याचे मूळ गावही अनेकदा मिळते. त्या नावांच्या आधी ‘फ्यो’ हा शब्द असेल, तर तो आपल्या ‘कै.’सारखा समजावा. स्त्रियांची नोंद लग्नानंतरही माहेरच्याच आडनावाने होत असे, ही तर शोधणाऱ्याची मोठीच सोय आहे.

पुरुषांच्या आडनावांनी मात्र घोटाळा होतो. १६६५ मध्ये कारिन्यां-सालिएर पलटण वसाहतीत आली. तिच्यातील शिपायांना लाफ्लेर म्हणजे फूल, सां-सूसी म्हणजे निश्चिंत अशी टोपणनावे असत. मूळ आडनावापुढे ‘दी’ हा शब्द लावून ती लिहिली जात आणि पुढे एक भाऊ मूळ नाव, तर दुसरा टोपणनाव चालवी, म्हणून दोन्ही नावांनी शोध घ्यावा.

तारखांबाबतही सावध राहावे. ‘8bre’ असे लिहिलेला महिना ऑगस्ट नसून ऑक्टोबर असतो, कारण लॅटिनमध्ये ‘ऑक्टो’ म्हणजे आठ. ‘7bre’ म्हणजे सप्टेंबर. हे ठाऊक नसल्यामुळे मी एका बाळाचा जन्म आईवडिलांच्या लग्नाआधीचा ठरवून बसलो होतो.

जोडे शिवणाऱ्यासाठी ‘कॉर्दोनिए’ हा शब्द शोधावा. केवळ जुने जोडे दुरुस्त करणारा तो ‘सावतिए’. वसाहतीच्या १६६६ च्या जनगणनेत, जीत ३,२१५ माणसे मोजली गेली, अनेकांचे व्यवसाय दिले आहेत. बापाचा धंदा मुलाने चालवलाच असेल असे मात्र धरून चालू नये. तेथे धंदा जातीने बांधलेला नव्हता.

खरी श्रीमंती नोटरीच्या कागदांत आहे. लग्नाआधीचा करार, उमेदवारीचा म्हणजे धंदा शिकण्यासाठी राहण्याचा करार, घराची खरेदी, हे सारे नोटरीसमोर होत असे आणि ते दस्त क्युबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराने संकेतस्थळावर खुले केले आहेत. तयार वंशावळी, अगदी वंशावळींचे अभ्यासक पाद्री तांगे यांचा १८७१ ते १८९० दरम्यान निघालेला सात खंडी वंशकोशसुद्धा, वाट दाखवण्यापुरत्या वापराव्यात; त्यांत चुका आहेत, आणि मूळ पान पाहिल्याशिवाय एकही पिढी पक्की मानू नये, असे माझे ठाम मत आहे.

पती वा पत्नी वारल्यावर, बहुधा दुसऱ्या लग्नाआधी, घरातील सामानाची जी यादी नोटरी करी ती अवश्य शोधून वाचावी. अक्षर किचकट असते, पण मोडी वाचणाऱ्याप्रमाणे रोज एक पान उतरवत गेल्यास आठवड्याभरात हात बसतो. भांडी-अंथरुणांच्या ओळी संपून ‘फॉर्म’ म्हणजे जोड्याचा लाकडी साचा, कलबूत, ‘आलेन’ म्हणजे आरी आणि ‘क्युईर’ म्हणजे चामडे हे शब्द एकापाठोपाठ दिसू लागले, की हा कागद त्याच नावाच्या दुसऱ्या कोणाचा नसून आपल्या मोच्याचाच आहे, असे मानायला भक्कम आधार मिळतो.