अभिरूप सुरक्षा परिषद कशी भरवावी: दक्षिण सुदानचा एक दिवस

नागपुरातल्या कॉलेजात अभिरूप सुरक्षा परिषद, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची नक्कल, ज्यात प्रत्येक विद्यार्थी एका देशाची भूमिका घेतो, भरवायची असेल, तर ‘जागतिक शांतता’ असला ढोबळ विषय घेऊ नका. एक प्रदेश, एक तारीख आणि एक ठराव निवडा. आमच्या मते सर्वांत शिकवणारा दिवस १३ जुलै २०१८ चा आहे. त्या दिवशी दक्षिण सुदानवर शस्त्रबंदी घालणारा ठराव २४२८ मंजूर झाला. बाजूने नऊ, विरोधात शून्य, तटस्थ सहा. मंजुरीला नऊच मते लागतात, म्हणजे एक मत जरी गळाले असते तरी मसुदा पडला असता. डिसेंबर २०१६ मध्ये याच मागणीला सात मते मिळाली, आठ देश तटस्थ राहिले आणि कोणी नकाराधिकार (कायम सदस्याचा ठराव रोखण्याचा हक्क) न वापरताच ती बारगळली.

पंधरा विद्यार्थी घ्या. पाच कायम सदस्य (अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स), आणि बोलिव्हिया, कोत दि'व्वार, इक्वेटोरियल गिनी, इथिओपिया, कझाकस्तान, कुवेत, नेदरलँड्स, पेरू, पोलंड, स्वीडन. त्या महिन्याचे अध्यक्षपद स्वीडनकडे होते. अध्यक्षाला स्वतःच्या देशाचे मतही द्यायचे असते, हे त्याला आधीच सांगा. खुर्च्या घोड्याच्या नालेच्या आकारात मांडा. हिवाळी अधिवेशनाच्या बातम्या पाहत वाढलेली आपली मुले समोरासमोरच्या बाकांची सवय घेऊन येतात आणि पहिल्याच मिनिटाला आरोप सुरू करतात. इथे सत्ताधारी-विरोधक नसतात.

पूर्वतयारीला आठवडा द्या. प्रत्येकाने एक पानी टिपण आणावे: डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानचे राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि माजी उपराष्ट्राध्यक्ष रिक माचार यांच्या गटांत पेटलेला संघर्ष, त्यांच्यातला युद्धविरामाचा जून २०१८ चा खार्टूम जाहीरनामा आणि आपल्या देशाचा हेतू. इथिओपियाची भूमिका नीट समजणाऱ्याला द्या. वाटाघाटी चालू असताना निर्बंध घातले तर बोलणी बिघडतील, हा त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता.

वेळ अशी वाटा: भाषणे प्रत्येकी दोन मिनिटे, मग दीड तास बंद दाराआडची चर्चा, शेवटी अर्धा तास मतदान आणि मतांचे स्पष्टीकरण. चर्चेचा वेळ कापू नका, खरे काम तिथेच होते. मसुदा मांडणाऱ्या अमेरिकेने तिथे मते मोजत फिरावे. जो पाठिंबा देणार नाही, त्याच्याकडून निदान तटस्थता मिळवावी, कारण कायम सदस्य तटस्थ राहिला तर ते नकाराधिकार वापरणे मानले जात नाही. चीन आणि रशिया त्या दिवशी तटस्थच होते.

मसुदे बहुतेक एकाच ठिकाणी फसतात. ‘शांतता प्रस्थापित व्हावी’ असे कलम कोणालाच बांधत नाही. प्रत्येक कलमात कोणी, काय, कधीपर्यंत आणि देखरेख कोणाची, हे यायलाच हवे. खऱ्या ठरावात शस्त्रबंदीची मुदत ३१ मे २०१९ होती. निर्बंध घालायचे तर ते संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या सातव्या (सक्तीच्या उपायांच्या) प्रकरणाखाली, असे मसुद्यात स्पष्ट लिहा. नुसत्या आवाहनाने सदस्य देश बांधले जात नाहीत. ‘संयुक्त राष्ट्रांचे सैन्य पाठवा’ हेही खोडा. असे स्वतंत्र सैन्य नाहीच. दक्षिण सुदानमधल्या शांतिसेनेत सदस्य देशांचे जवान असतात, त्यात भारताचेही मोठ्या संख्येने आहेत. शिवाय मोहिमेचा पैसा सर्व सदस्य देशांची महासभा मंजूर करते, परिषद नव्हे.

गुण देताना भाषणाला तीस टक्क्यांहून जास्त देऊ नका. उरलेले मसुद्यातल्या दुरुस्त्यांना आणि जुळवलेल्या मतांना द्या.