म्हादईत उतरण्याआधी

गोव्यातल्या सत्तरीत म्हादई नदीवर राफ्टिंग होतं ते पावसाळ्यातच. कोलाडला कुंडलिकेत धरणाचं पाणी सकाळी सोडतात, तसा हिशेब इथे नाही. उगमाकडच्या भीमगडच्या जंगलात आणि घाटावर जेवढं कोसळतं तेवढंच खाली येतं. म्हणून पिशवी भरायच्या आधी पाऊस बघायचा, तोही पणजीचा नव्हे, खानापूर-चोर्ल्याकडचा. रात्रभर तिकडे झोडपलं असेल तर सकाळी राफ्टिंगवाल्यांना फोन करून, ट्रिप आहे ना, हे विचारूनच वाळपईचा रस्ता धरा. ते नाही म्हणाले तर हुज्जत नको. पाणी कितीही असो, ‘या, या’ म्हणणाऱ्याकडे मात्र मी जाणार नाही.

जीन्स घरी. मी एकदा घालून गेलो होतो, परतीच्या चोर्ला घाटात अक्षरशः कुडकुडलो. पटकन वाळणारा टी-शर्ट, तशीच शॉर्ट आणि मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट पुरेत. साधी चप्पल पहिल्याच लाटेत जाते. चष्म्याला दोरी बांधा. अंगठी, साखळी, मंगळसूत्र काढून ठेवा. कोरडे कपडे आणि टॉवेल गाडीत राहू द्या, मोबाइलही. काठावर जळवा असतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. पायाला उघडी जखम असेल तर मात्र पुन्हा विचार करा. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) दिवस असतात, आणि नंतर ताप आलाच तर नदीत उतरलो होतो हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. हृदयविकार, फिट्स, गरोदरपण, एकदा निखळलेला खांदा, पोहता न येणं, यातलं काहीही लपवू नका.

लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले की सोबत्याला खांद्यापाशी धरून ते वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत सरकलं तर सैल आहे, मग फोटोत कितीही छान दिसो. गाइड काठावर ‘फॉरवर्ड’, ‘स्टॉप’, ‘गेट डाउन’ शिकवत असतो तेव्हा सेल्फी काढत बसू नका. वल्ह्याच्या टोकाची मूठ सोडायची नाही. ती सुटली की शेजाऱ्याचे दात जातात.

पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने, पावलं पाण्यावर. वाहत्या पाण्यात उभं राहायला जाऊ नका, दगडांच्या फटीत पाऊल अडकतं आणि पाणी माणसाला आडवं पाडून खाली दाबून धरतं. दोर फेकला तर दोरच धरा, तो ज्या पिशवीत भरलेला असतो ती पिशवी नाही. जंगलातल्या नदीत आणखी एक गोष्ट असते, पाण्यात आडवं पडलेलं झाड. पाणी फांद्यांमधून निघून जातं, माणूस अडकतो. त्यापासून लांब पोहत सुटा. अगदीच टळत नसेल तर उताणे राहू नका. पालथे होऊन, डोकं पुढे ठेवून जोरात पोहा आणि खोडावर चढा. गाइडने हे आपणहून सांगितलं नाही तर राफ्टमध्ये बसण्याआधी विचारा.

नाश्ता दोनेक तास आधी, हलका. मिसळ परतताना.